समासातली अक्षरे

बी. ए. भाग २

यंदाच्या वार्षिकांकासाठी कशावर लिहिणार, असे विचारल्यावर मी "जपानी ठसाचित्रांवर" असे उत्तर दिले, तेव्हा माझ्या मैत्रिणी क्षणभर गप्प झाल्या आणि मग मनसोक्त हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "कापसाले भाव नाही, नळाले पाणी नाही, अन् तू जपानच्या बर्फावर लिहितं का वं?"

प्रश्न थट्टेचा होता, तरी तो चार दिवस डोक्यातून गेला नाही. कारण तो तिचा एकटीचा नव्हता. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न आमच्यासारख्या घरांतून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला रोज विचारला जातो. माझे बाबा जिनिंगमध्ये मजुरी करतात, आई हंगामात कापूस वेचायला जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे मी काय वाचते, काय पाहते, कशावर वेळ घालवते याचा हिशेब मला द्यावा लागतो. आणि तो द्यावा हे योग्यही आहे. प्रस्तुत लेख म्हणजे तोच हिशेब आहे, असे वाचकांनी समजावे.

मुळात हा विषय माझ्या वाटेला आला तो वेरूळमुळे. गेल्या वर्षी हिवाळ्यात आमची सहल अजिंठा-वेरूळला गेली होती. कैलास लेण्याच्या आवारात आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर भराभर फोटो काढले आणि अर्ध्या तासात 'पाहून' मोकळ्या झालो. परतीच्या वाटेवर इतिहासाच्या सरांनी एक गोष्ट सांगितली. हिरोशी योशिदा नावाचा एक जपानी चित्रकार १९३० च्या अखेरीस भारतात आला होता. दार्जिलिंगपासून मदुराईपर्यंत तो हिंडला. मायदेशी परतल्यावर १९३१-३२ या काळात त्याने भारतावरची ठसाचित्रांची एक मालिका प्रसिद्ध केली. तीत ताजमहाल आहे, फत्तेपूर सिक्री आहे, उदयपूर, वाराणसी, सांची आहे. आणि अजिंठा व वेरूळही आहेत. प्रवासात त्याच्याबरोबर त्याचा थोरला मुलगा तोशी होता. तोशीचा जन्म १९११ चा. म्हणजे त्या हिवाळ्यात तो एकोणीस वर्षांचा होता, आज मी आहे तेवढाच.

सर पुढे बरेच काही बोलले, पण माझे मन त्या वयापाशीच अडकले. माझ्याच वयाचा एक मुलगा हजारो मैल ओलांडून वेरूळला येतो आणि बापाच्या शेजारी उभा राहून एकेक खांब, एकेक सावली पाहतो. मी दोनशे-अडीचशे मैलांवरून येते आणि अर्ध्या तासात परतते. पुढे तो तोशीही नामांकित ठसाचित्रकार झाला. मी मात्र घरी आल्यावर मोबाइलमधले फोटो उघडले, तर वेरूळपेक्षा आमचेच चेहरे जास्त निघाले!

त्या दिवसापासून मी ही चित्रे शोधून पाहू लागले. माझ्याकडे एकही मूळ चित्र नाही आणि असण्याची शक्यताही नाही. परदेशांतल्या मोठ्या संग्रहालयांनी आपल्या संग्रहातील चित्रे सर्वांना पाहण्यासाठी खुली केली आहेत. ती मी मोबाइलवर मोठी करून पाहते. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते एका गरीब प्रेक्षकाचे मत आहे, जाणकाराचे नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

ठसाचित्र म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. चित्रकार चित्र काढतो. ते पातळ कागदावर उतरवून चेरीच्या लाकडी फळीवर पालथे चिकटवतात. कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढतो. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. फळीवर पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची खळ कुंच्याने पसरतात, वर दमट कागद ठेवतात आणि बांबूच्या पानाने मढवलेल्या एका गोल चकतीने कागदाची पाठ घासतात. तिला ते 'बारेन' म्हणतात. यंत्र कुठेच नाही. सगळा हाताचा दाब. आकाश वर गर्द निळे आणि क्षितिजाकडे फिकट होत जाणारे हवे असेल, तर फळीवरचा रंगच ओल्या फडक्याने वा कुंच्याने विरळ करतात आणि मग ठसा उठवतात. या कसबाला 'बोकाशी' म्हणतात. योशिदाच्या एकेका चित्रासाठी कागदावर तीसपेक्षा जास्त वेळा ठसे उठवलेले असत. आणि प्रत्येक वेळी कागद तसूभरही न सरकता त्याच जागी बसला पाहिजे! त्यासाठी प्रत्येक फळीच्या कडेला दोन खाचा असतात. त्या खाचांत कागदाचा कोपरा आणि कड टेकवायची, एवढीच सगळी युक्ती.

हे वाचून मला वाटले, यात काय अवघड आहे? आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडून एक बारीक पटाशी आणि पाटीचा तुकडा मागून आणला. मोठ्या उत्साहाने त्यावर 'दिग्रस' ही अक्षरे आणि मागे एक पळसाचे झाड कोरले. पोस्टर कलरमध्ये खळ कालवून कागद दाबला. झाड बरे आले, पण अक्षरे उलटी उठली. ठसा उलटा कोरायचा असतो हे पुस्तकात वाचले होते. हाताला ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या पाटीवर फुलांचा केशरी रंग केला, तर फुले झाड सोडून आकाशात जाऊन बसली. आई म्हणाली, "वाऱ्यानं उडाली असतीन." त्या दिवशी मला दोन खाचांची किंमत कळली. आजवर जी गोष्ट नुसती 'छान' दिसत होती, तिच्यामागे किती हातांची शिस्त आहे हे बोटाला पटाशी लागल्यावरच समजले.

आता थोडा इतिहास. जपानमध्ये ही कला जुनी. एकोणिसाव्या शतकातल्या होकुसाईची ती प्रचंड लाट आपल्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे पाहिली असेल. त्या काळी असे एक चित्र वाडगाभर शेवयांच्या किमतीत मिळे, असे सांगतात. म्हणजे ही राजवाड्यातली कला नव्हती. बाजारातली, दुकानदारांची, कारागिरांची, सामान्य घरांची होती. पुढे छायाचित्रे आली, छपाईची यंत्रे आली आणि ठसेवाल्यांचा धंदा बसत गेला. तेव्हा शोझाबुरो वातानाबे नावाच्या प्रकाशकाने १९१५ च्या सुमारास चित्रकार, कोरणारे आणि छापणारे यांना पुन्हा एकत्र आणले. या नव्या चित्रांना 'शिन-हांगा', म्हणजे 'नवी ठसाचित्रे', असे नाव पडले. त्याच्याकडे १९१८ पासून काम करू लागलेला हासुई कावासे (१८८३–१९५७) हा निसर्गदृश्यांचा मोठा चित्रकार. योशिदाने (१८७६–१९५०) प्रारंभी वातानाबेसाठी काम केले आणि १९२५ पासून स्वतःची कार्यशाळा चालवली.

हासुईचे एक चित्र मी किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही. टोकियोतील झोजोजी मंदिराचे १९२५ चे चित्र. मोठे लाल प्रवेशद्वार, तिरपे पडणारे बर्फ आणि वाऱ्याविरुद्ध छत्री धरून चाललेली एक बाई. तिचा चेहरा दिसत नाही. मी बर्फ कधी पाहिलेले नाही. पण वाऱ्याविरुद्ध चालणारी बाई मी रोज पाहते. आषाढात शेतावरून परतताना पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेली माझी आई अशीच मान घालून चालते. ते चित्र पाहिल्यावर मी तिला खोळ घेऊन येताना पहिल्यांदा नीट पाहिले. जपानी चित्राने मला माझी आई दाखवली, असे म्हटले तर कुणी हसेल. पण झाले ते असे.

योशिदाची एक क्लृप्तीही सांगण्याजोगी आहे. १९२६ साली त्याने शिडाच्या होड्यांचे एक चित्र केले. ठसे तेच, पण रंग बदलून त्यानेच सकाळ, दुपारपूर्वीची वेळ, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र अशी सहा चित्रे उठवली. होड्या हललेल्या नाहीत, समुद्र हललेला नाही, फक्त प्रकाश बदलला आहे. मी एका रविवारी त्याची नक्कल केली, म्हणजे नुसती डोळ्यांनी. आमच्या घरामागे एक कडुनिंब आणि त्यापलीकडे पऱ्हाटीचे शेत आहे. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला मी तीच जागा पाहिली. एकोणीस वर्षे त्या जागेसमोर राहून मला ती एकाच रंगाची वाटत होती!

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते. ती सांगताना मला अपराधी वाटते.

ही चित्रे जमवणारे लोक जगभर आहेत. चांगल्या जुन्या प्रतींना आज लिलावात मोठी किंमत येते. हे लोक चित्र हाती आल्यावर आधी काय पाहतात? चित्राचा समास! योशिदाने स्वतःच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतीच्या समासात 'जिझुरी', म्हणजे 'स्वतः छापलेले', असा शिक्का असतो. तो नसेल तर प्रत पुढच्या काळातली असण्याचा संभव. वातानाबेचे शिक्के काळानुसार बदलत गेले. त्यांवरून प्रत कोणत्या वर्षांतली हे ठरवता येते. समास कापलेला असेल तर चित्राची किंमत घटते. कारण चित्र कुणी काढले, कुणी कोरले, कुठून आले, याची साक्ष त्या कोऱ्या पट्टीतच असते.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या आजीच्या घरी भिंतीवर एक लक्ष्मीचे चित्र होते. लाकडी चौकट, आत काच, काचेच्या आत काठाला जरीचे तुकडे आणि टिकल्या चिकटवलेल्या. चित्राच्या खाली, समासात, बारीक इंग्रजी अक्षरे होती. लहानपणी मला वाचता येत नव्हती. वाचता यायला लागली तेव्हा वाचायची बुद्धी झाली नाही. तीन वर्षांपूर्वी आजीचे जुने घर पाडून घरकुल बांधायचे ठरले. सामान काढताना चौकटीला वाळवी लागलेली दिसली. दारावर भंगारवाला आला होता. मी पत्र्याचे दोन डबे, मोडकी सायकल आणि ती चौकट त्याला दिली. सगळ्याचे मिळून ऐंशी रुपये आले. आजी शेतातून आली आणि भिंतीकडे पाहून एवढेच म्हणाली, "माह्या लग्नातला फोटू होता वं माय तो. माह्या सासूनं देल्ला होता." मी म्हटले, "आजी, वाळवी लागली होती." ती पुढे काही बोलली नाही.

आज मला ठाऊक आहे की महाराष्ट्रात छापील चित्रांचा केवढा मोठा संसार होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली आणि देवादिकांची, इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे घरोघर पोचवली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. फ्रिट्झ श्लायकर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो चालवला आणि नंतर विकत घेतला. दादासाहेब फाळके यांनीही सिनेमाकडे वळण्यापूर्वी तिथे काम केले होते. दगडावरून छापलेली ती लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे गावोगाव गेली. त्यांच्या समासात 'रविवर्मा प्रेस' आणि कार्ला-लोणावळा अशी नावे इंग्रजीत छापलेली असत. आजीच्या लक्ष्मीखाली तीच अक्षरे होती का? आता ते कधीच कळणार नाही. जपानी चित्राचा समास मी भिंग लावल्यासारखा वाचते, आणि माझ्या घरातल्या चित्राचा समास मी न वाचताच ऐंशी रुपयांच्या भंगारात घातला.

कुणी म्हणेल, अशी छापील चित्रे हजारोंनी निघाली. एक गेले तर काय बिघडले? अस्सल चित्र एकच असते, छापील ते स्वस्त आणि म्हणून हलके, असे मानण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. माझे मत याच्या नेमके उलट आहे, आणि पुरावा अजिंठ्याचाच देते. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे खपून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रंगवल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही पुष्कळशा १८८५ साली लंडनच्याच संग्रहालयात आगीत गेल्या. मागे राहिला तो ग्रिफिथ्स यांचा १८९६-९७ साली छापून निघालेला दोन खंडांचा ग्रंथ. का राहिला? तो छापलेला होता आणि अनेक ठिकाणी होता, म्हणून.

जपानमध्येही तेच घडले. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत वातानाबेचे दुकान, कोरलेले ठसे आणि शिल्लक चित्रे नष्ट झाली. हासुईच्या स्केचवह्याही गेल्या. त्याआधीची चित्रे आज पाहायला मिळतात, कारण ती तोवर विकली जाऊन लोकांच्या घरी पोचली होती. मळवलीचा छापखानाही १९७२ साली जळाला. छापखाना जळाला तरी चित्रे उरली. कुणाच्या देवघरात, कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या आजीच्या भिंतीवर. तेव्हा जी वस्तू अनेक घरी असते तिचे रक्षण अनेक घरांनीच करायचे असते. एका घराने हलगर्जी केली की साखळीतली एक कडी तुटते. ती कडी मी तोडली आहे.

संग्रह हा श्रीमंतांचा षौक आहे, असे आपण समजतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चीन-जपानच्या कलावस्तूंचे दालन आहे. त्यामागे सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह आहेत. टाटांनी जमवले म्हणून आज कुणालाही तिकीट काढून पाहता येते, याबद्दल कृतज्ञता आहेच. पण माझ्या आजीच्या सासूने एक चित्र आयुष्यभर सांभाळले, काचेत घातले, त्याला जरी लावली आणि सुनेला दिले. याला संग्रह म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? तिच्याकडे एकच वस्तू होती, पण ती तिने पाहिली होती. शेकडो चित्रे तिजोरीत ठेवून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्यापेक्षा मला ती मोठी संग्राहक वाटते.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळते. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. या चित्रांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खरा आहे. ज्या काळात जपानमध्ये कारखाने उभे राहत होते, विजेच्या तारा जात होत्या, त्या काळात ही चित्रे बहुधा जुनी देवळे, चंद्र, पाऊस, बर्फ हेच दाखवत राहिली. त्यांतली पुष्कळशी परदेशी, विशेषतः अमेरिकन, ग्राहकांसाठी होती, आणि ग्राहकाला शांत, जुना जपान हवा होता. योशिदाच्या भारतातही प्रकाश अतिशय सुंदर आहे. भूक फारशी नाही. चित्र पाहताना हे विसरून चालणार नाही.

पण म्हणून सुंदर पाहणेच सोडून द्यायचे का? आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव राज्याबाहेर कशासाठी घेतले जाते, हे मी सांगायला नको. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे सत्य आहे. आमच्याही नात्यात तो प्रसंग येऊन गेला आहे, म्हणून त्यावर हलकेपणाने लिहिणार नाही. बातमी यायलाच हवी. पण बातमीबरोबर छापून येणारे चित्र कोणते असते? भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावलेला म्हातारा. वर्षानुवर्षे तेच एक चित्र. हळूहळू आम्हालाही वाटू लागले आहे की आमची जमीन म्हणजे तेवढीच. ती पाहण्यासारखी नाही. शक्य तितक्या लवकर सोडून जाण्यासारखी आहे. ज्या गावाकडे त्याची मुलेच धड पाहत नाहीत, त्या गावासाठी ती भांडणार कशी? कापसाला भाव मागायचा तर कापूस कुणाचा, कुठला, कोणत्या मातीतला, याचे प्रेम आधी असावे लागते. माझ्या मते पाहणे हे काम आहे, करमणूक नाही. आणि हे काम शिकायला जपानी ठसाचित्रासारखा शिक्षक नाही, कारण ते एकेका रंगाचा हिशेब मागते.

दिग्रसला पाहण्यासारखे काय आहे? फाल्गुनात पुसदच्या रस्त्याला पळस फुलतो, तेव्हा पानगळ झालेल्या सागाच्या करड्या रंगापुढे तो केशरी रंग कसा दिसतो, हे पाहा. अरुणावती धरणाच्या पाण्यावर संध्याकाळी आकाशाचा रंग वरून खाली कसा विरत जातो, ते पाहा. ती बोकाशीच आहे, फडके मात्र कुणाच्या हाती हे माहीत नाही. धावंडा नदीचे पात्र वैशाखात आणि श्रावणात पाहा. बाजाराच्या दिवशी तांड्यावरून आलेल्या बायांच्या ओढण्यांवरचे आरसे उन्हात चमकतात, ते पाहा. पहाटे जिनिंगच्या फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि धुक्यात कापूस कुठला आणि धुके कुठले ते कळत नाही. हासुई इथे आला असता तर तो त्या रांगेपाशी थांबला असता, अशी माझी खात्री आहे. पण तो येणार नाही. तेव्हा थांबायचे काम आपलेच आहे.

शेवटी दोन सूचना गुरुजनांपुढे नम्रपणे ठेवते.

पहिली अशी की आपल्या ग्रंथालयात एक पेटी ठेवावी. विद्यार्थ्यांच्या घरी जुनी छापील चित्रे, कॅलेंडरे, कापडाच्या ताग्यांवरची लेबले, लग्नपत्रिका असतील, तर त्यांची नोंद करावी: चित्र कशाचे, घरात केव्हा आले, कुणी आणले, आणि समासात काय छापले आहे. ज्यांना द्यायचे नसेल त्यांनी देऊ नये. फोटो काढून नोंद केली तरी पुरे. त्या पेटीत कडुनिंबाचा पाला टाकावा आणि ती उन्हापासून, ओलीपासून दूर ठेवावी. याला खर्च किती येईल? एक वही आणि एक पेटी, एवढाच.

दुसरी सूचना अशी की वार्षिक स्नेहसंमेलनात नृत्य-नाट्याबरोबर एक दिवस ठसे कोरण्याचा असावा. लाकूड महाग वाटत असेल तर लिनोलियमचा तुकडा चालतो. नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेतल्या गांधीजींचे चित्र लिनोवरच कोरले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाने पेटून उठलेले चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरीला राहिले आणि कष्टकऱ्यांची, मुलांची चित्रे लिनोवर कोरत राहिले. म्हणजे ठसा केवळ चंद्र आणि बर्फ दाखवतो असे नाही. कोरणाऱ्याला जे दिसते ते तो दाखवतो. आमच्यापैकी कुणी कपाळाला हात लावलेला म्हातारा कोरेल, कुणी पळस कोरेल. दोन्ही आमचेच आहेत. अक्षरे मात्र उलटी कोरायची, एवढे मी सर्वांना आधीच सांगून ठेवते!

मागच्या दिवाळीत मी आजीसाठी बाजारातून लक्ष्मीचे नवे चित्र आणले. तिने ते हातात घेतले, दिव्याजवळ नेले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "खाली काय लिवलं हाय वं?" मी वाचून दाखवले. छापणाऱ्याचे नाव आणि गाव होते. आजीने मान हलवली आणि म्हणाली, "आता ध्यानात ठेवजो."

ध्यानात ठेवले आहे, आजी. म्हणूनच हे लिहिले.